छाटणीच्या दिवसांतली खुर्ची

दसरा जवळ आला की मला घरात बसवत नाही. पाऊस मागे सरलेला असतो, ऊन चटके द्यायला लागतं, नाशिकच्या इंदिरानगरातल्या गच्च्यांवर गाद्या-गोधड्या वाळत पडतात आणि माझ्या हातांना काहीतरी हवं असतं. काय ते सांगता येत नाही. मी फ्रिज उघडतो, काही न घेता लावतो. गॅलरीत जातो, परत येतो. पेपराची घडी घालतो, ती मनासारखी पडली नाही म्हणून मोडून पुन्हा घालतो. "काय चुळबुळ लावलीय तुम्ही? बसा ना जरा एका जागी," मालती म्हणते. चाळीस वर्षांचा संसार, तिच्या बोलण्यात आता राग नसतो. मी बसतो. आणि कुठं जरा स्थिरावतो तोच मनगटावरचं घड्याळ थरथरतं आणि सांगतं, उठा.

हे घड्याळ आमच्या निखिलनं पुण्याहून पाठवलं. तासभर हललो नाही की ते थरथरतं. दिवसभराची पावलं मोजतं आणि ती तिकडे मुलाच्या फोनवर दिसतात. म्हणजे अडुसष्टाव्या वर्षी माझं प्रगतिपुस्तक पुन्हा सुरू झालं, सही मात्र आता मुलाची. सुरुवातीला मी इमानेइतबारे चाललो. मग एके दिवशी शोध लागला की खुर्चीत बसून पेपर वाचता वाचता डावा हात झुलवत राहिलं तरी पावलं पडतात. दोन महिने मी असं खुर्चीतल्या खुर्चीत गाव पालथं घातलं. "बाबा, भारी! काल तर सात हजार!" निखिल फोनवर म्हणायचा. मालती स्वयंपाकघराच्या दारातून बघायची आणि कपाळावर हात मारून घ्यायची.

जॉगिंग ट्रॅक घरापासून पाच मिनिटांवर आहे, तेव्हा सबब सांगायलाही जागा नाही. सकाळी तिथं जत्रा असते. कारल्याचा नि दुधीचा रस विकणारे, हात वर करून मोठमोठ्यानं हसणारी मंडळी, गुडघ्याला पट्टे बांधलेल्या बायका, निवृत्त साहेबलोक. मी आठ दिवस जातो, नवव्या दिवशी पांघरूण ओढून घेतो. डॉक्टरांनी साखरेचं सांगितलंय, गुडघ्यांचं सांगितलंय, सगळं पटतं. पण शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला, जिथून निघालो तिथंच परत येण्यासाठी चालायचं, हे कुठंतरी आत पटत नाही. घाण्याच्या बैलामागे निदान तेल तरी निघतं.

माझा थोरला भाऊ, दादा, एकदा डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे राहिला होता. तेव्हा तो पासष्टीचा. एका सकाळी मी त्याला ट्रॅकवर नेलं. तिथं वीस-पंचवीस माणसं ओळीनं उभी राहून हात वर करत होती, खाली आणत होती. दादा हिरव्या पट्टीखालून बराच वेळ बघत राहिला.

"हे काय करू राहिले?"

"व्यायाम."

"मोकळे हात वर करायचे आन् मोकळेच खाली आणायचे?" तो म्हणाला. "त्यापेक्षा आमच्याकडं पाठव. चार वेली तरी छाटून होतील."

निफाडच्या अलीकडे आमची द्राक्षाची बाग आहे. आमची म्हणजे दादाची. दादा माझ्याहून अकरा वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा त्यानं शाळा सोडली आणि मला सोडू दिली नाही. म्हणून मी टेलिफोन खात्यात चिकटलो आणि तो मांडवाखाली राहिला. मांडव म्हणजे डोक्यावर हातभर उंचीला ताणलेल्या तारा, त्यांवर पसरलेल्या वेली. दसऱ्याच्या सुमारास वेली छाटायच्या. मान मागे टाकायची, दोन्ही हात वर, डाव्या हातात काडी, उजव्या हातात कात्री. काडीवरचे डोळे, म्हणजे जिथून नवी फूट येते ते कोंब, बोटानं मोजायचे आणि नेमक्या डोळ्याच्या पुढे कात्री चालवायची. कापल्या जागी थोड्या वेळानं पाण्याचा थेंब जमतो. दिवसभर असे थेंब मानेवर पडत राहतात, आणि दिवसभर हात खाली येत नाहीत. दादाचे तर नाहीच यायचे. मी लहानपणी सुट्टीत हौसेनं कात्री घ्यायचो, दहा मिनिटांत खांदे भरून यायचे. हात उतरला की मागून आवाज यायचा, "सुध्या, हात वर. अजून वर."

आमच्याकडे खंडेनवमीला शेतातली हत्यारं धुऊन पाटावर मांडतात. कोयता, विळे, पान्हे, आणि मधोमध दादाची कात्री. हळदीकुंकू, झेंडूची फुलं. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, घरातल्या थोरल्यानं पहिली काडी कापायची, मग बागेला कात्री लागायची. ती कात्री दुसऱ्या कोणाच्या हाताला नीट बसायची नाही. लाकडी मुठीला दादाच्या अंगठ्याची जागा पडलेली होती. जेवायला बसतानासुद्धा ती त्याच्या कमरेला असायची. वहिनी म्हणायच्या, "मला सवत हाय ती."

अकरा वर्षांपूर्वीचा तो हंगाम मला दर ऑक्टोबरला गाठतो. दादा तेव्हा अडुसष्ट वर्षांचा होता, आज मी आहे तेवढा. छाटता छाटता ठिबकच्या नळीत पाय अडकून पडला. फार नाही, कपाळाला तीन टाके पडले. पण मला फोन आला आणि मी हादरलो. नाशिकहून निघालो तो रस्ताभर स्वतःशी भांडत गेलो. या वयात हा माणूस अजून उन्हात हात वर करून उभा राहतो, आणि मी पंख्याखाली. पोचलो तर दादा कपाळाला पट्टी बांधून पुन्हा मांडवाखाली. पुतण्या किरण शेजारी रडकुंडीला आलेला. "काका, तुम्हीच सांगा आता. लोकं मला नावं ठेवतात. म्हणे, एवढा जवान पोरगा असून बापाला राबवतो."

ते वाक्य मला बरोबर लागलं. आपल्याकडे म्हातारपणाची एकच शोभा आहे, बसणं. पाहुणा आला की बसा. थोरला उठला की बसा बसा, मी आणतो. मुलं कर्तबगार निघाली याची खूण काय, तर बाप ओट्यावर बसलेला दिसतो. आयुष्यभर राबलेल्या माणसाच्या हातातलं काम काढून घेणं हाच आपला मानसन्मान. मी दुसऱ्याच दिवशी नाशिकला येऊन खुर्ची घेतली. चांगली, जाड गादीची, पाठ मागे टेकेल अशी, हातांना गुबगुबीत टेकू असलेली. टेम्पोतून गावी नेली आणि ओट्यावर मांडली. शेजारपाजारचे बघायला आले. "दादा, लय झालं राबणं. आता बसून खायचं," मी सगळ्यांसमोर म्हणालो. दादानं खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग जमलेल्या लोकांकडे, आणि बसला. कोणीतरी म्हणालं, "भाऊ असावा तर असा." मला दादाची काळजी होती हे खरं. पण ते वाक्य मला फार गोड लागलं, हेही तितकंच खरं.

आणि निघताना मी एक काम केलं. खुंटीवरची त्याची कात्री कापडात गुंडाळून माझ्या पिशवीत टाकली. समोर दिसली की तो उठणार, हे मला माहीत होतं. दुसरी कात्री निफाडच्या कुठल्याही दुकानात मिळते, पण दादा दुसरी घेणार नाही, हेही मला माहीत होतं.

पहिल्या वर्षी तो खुर्चीतून उठून बागेच्या कडेपर्यंत जायचा. दुसऱ्या वर्षी उठताना दोन्ही हात टेकायचा. तिसऱ्या वर्षी वहिनी फोनवर म्हणाल्या, "भाऊजी, यांचा हात वर जाईना झालाय. सदरा मीच घालते." नाशिकला आणून दाखवलं. खांदा आखडलाय, हालचाल ठेवायला हवी होती, एवढंच कळलं. पन्नास वर्षं जे हात खाली येत नव्हते ते वर जाईनात. त्यानंतर मी दसऱ्याला गावी जायचं टाळू लागलो. दिवाळीला जायचो. छाटणी तोवर संपलेली असते, कोवळी फूट आलेली असते, कात्रीचा विषय निघत नाही.

दादानं एकदाच विचारलं होतं. "माझी कात्री पाहिली का रे कुठं?"

"नाही बुवा," मी म्हणालो. "असेल इथंच कुठंतरी."

गेल्या श्रावणात आमच्या इमारतीत सत्यनारायण होता. प्रसादाला खाली पंगत बसली. मी ऐटीत मांडी घातली, दोन वेळा शिरा घेतला, आणि उठायला गेलो तर उठता येईना. डावा गुडघा हो म्हणेना. हात टेकला, सरकलो, पुन्हा टेकला. आजूबाजूचं बोलणं थांबलं. दोघा तरुणांनी काखेत हात घालून मला उचललं आणि कोणीतरी प्रेमानं म्हणालं, "काका, खुर्ची मागायची ना!" गणपतीत आरतीला गेलो तर माझ्यासाठी खुर्ची आधीच मांडलेली. सगळे उभे, मी एकटा बसायचा. मला ती खुर्ची ओळखीची वाटली. दादा कसा बसला असेल तेव्हा, हे मला त्या आरतीत कळलं. बसलो मीही. न बसून कसं चालेल, एवढ्या प्रेमानं मांडलेली.

त्या दिवसापासून मी खोटी पावलं टाकणं बंद केलं. मालती कामात असताना खोलीचं दार लावून जमिनीवर बसायचो आणि उठायचा सराव करायचो. पलंगाला धरून जमायचं. न धरता नाही. चिडचिड व्हायची, स्वतःवर, गुडघ्यावर, घड्याळावर. त्या घड्याळाला पावलं मोजता येतात, माणूस जमिनीवरून उठला की नाही हे मोजता येत नाही. आणि मनात एकच भीती फिरत राहायची, की दादाला जे अकरा वर्षांत झालं ते माझं सुरू झालंय, आणि माझी तर कात्रीसुद्धा कोणी लपवून ठेवलेली नाही. माझी मीच कधी हातात घेतली नव्हती.

यंदाच्या खंडेनवमीला किरणनं घरच्या पूजेचा फोटो पाठवला. पाट, कोयता, विळे, पान्हे, त्याची नवी बॅटरीवरची कात्री एका कडेला. आणि पाटाच्या मधोमध एक रिकामी जागा, तिथं एकच झेंडूचं फूल. मी किरणला फोन लावला. "मध्ये काही ठेवायचं राहिलं का रे?"

"नाय काका. ती दादांच्या कात्रीची जागा. आई दरसाल सोडते. दादाच सांगतात."

मी फोन ठेवला. मालती खाली गाडी धुवून तिला हार घालत होती. स्टुलावर चढलो, माळ्याकडे हात नेला तर खांद्यातून कळ आली. दात खाऊन हात अजून वर नेला. जुन्या टेलिफोनच्या डब्यामागे कापडाची गुंडाळी लागली. कात्री गंजली होती, पाती मिटेनात. मुठीला मात्र अंगठ्याची जागा तशीच. मी तिथंच स्टुलावर बसून रडलो. मालती हार संपला म्हणून वर आली आणि मला बघून घाबरली. मग कात्री बघितली आणि खोबरेल तेलाची बाटली आणून दिली.

दसऱ्याला सकाळची एसटी धरली. फाट्यावर उतरलो. किरण मोटारसायकल घेऊन येतो म्हणत होता, मी नको म्हणालो. फाट्यापासून घर पूर्वी पंधरा मिनिटांचं होतं, मला पाऊण तास लागला. वाटेत काही बागा छाटून मोकळ्या झालेल्या, काही अजून गर्द. ओल्या मातीचा आणि कापलेल्या काडीचा हिरवट वास येत होता. पहिल्यांदा असं झालं की मी चालत होतो आणि कुठंतरी पोचायचं होतं. पाय दुखत होते, पण थांबवत नव्हतं.

दादा ओट्यावर, खुर्चीत. गादी विटलेली, एका टेकूला चिकटपट्टी. एकोणऐंशीचा दादा त्या खुर्चीत हरवल्यासारखा लहान दिसत होता. मी गुंडाळी उघडून कात्री त्याच्या मांडीवर ठेवली.

"मीच नेली होती, दादा."

तो मुठीवरून अंगठा फिरवत राहिला. "ठाऊक हाय," म्हणाला.

"मग मागितली का नाहीस?"

"कशी मागू? तू एवढी गावभर दाखवून खुर्ची आणली. सारे म्हणले, धाकल्यानं थोरल्याला राजावानी ठेवलं. मी उठून कात्री मागायची म्हणजे तुझं नाक कापायचं." मग म्हणाला, "मला उठता येत होतं रे तवा. पार बाग पालथी घालत होतो. तू आणली म्हणून बसलो."

वहिनी आतून चहा घेऊन आल्या, कात्री बघितली आणि चहा तसाच हातात धरून उभ्या राहिल्या.

"पहिली काडी राहिलीय," दादा म्हणाला. "चल."

किरण घरामागे ट्रॅक्टर धूत होता, पंपाचा आवाज चालू होता. त्याला हाक मारावी असं मला वाटलं. दादानं ते ओळखलं. "कोणाला हाक मारायची नाय. आन् ही खुर्ची बी आणू नको." तिसऱ्या झटक्याला तो उठला. एका हातात काठी, दुसऱ्या हातानं माझा दंड धरलेला, कात्री माझ्याजवळ. ओट्यापासून पहिल्या ओळीपर्यंत चाळीसएक पावलं. ती आम्ही मध्ये दोनदा थांबून टाकली. मांडवाखाली शिरताच दादानं डोळे मिटून श्वास घेतला. मग माझ्याकडून कात्री घेऊन हात उचलला. छातीपर्यंत गेला, आणि तिथंच अडला. पुन्हा उचलला. पुन्हा अडला. तो हाताकडे असा बघत होता की तो हात जणू शेजाऱ्याचा आहे.

"घे," कात्री माझ्याकडे देत तो म्हणाला. "तू काप."

"मला कुठं येतंय दादा?"

"मी मोजतो ना."

तो काठी बाजूला टाकून, लोखंडी खांबाला धरत धरत हळूहळू खाली मातीतच बसला, वर बघत. मी मान मागे टाकली, काडी धरली. त्यानं खालून डोळे मोजले, "ह्याच्या फुडं. हां." कात्री कुरकुरली, चालली. काडी पडली. मग दुसरी, मग तिसरी. चौथ्या काडीला माझा खांदा पेटला, हात उतरला. खालून लगेच आवाज आला, "सुध्या, हात वर. अजून वर." आवाज बारीक झाला होता, पण हुकूम तोच. एक वेल झाली तेव्हा माझ्या डोळ्यांत घाम गेला होता आणि मीही त्याच्याशेजारी मातीत बसलो. कापलेल्या टोकांवर थेंब जमू लागले. एक दादाच्या कपाळावर पडला, त्या जुन्या टाक्यांच्या जागी. त्यानं पुसला नाही.

मग दोघांच्याही एकदमच ध्यानात आलं की आता उठायचं आहे.

मी हसलो. दादाही हसला, पण फार वेळ नाही. पलीकडे पंप चालूच होता. मला पंगत आठवली, काखेतले ते दोन परके हात आठवले. "किरणला बोलवू का?" मी विचारलं. दादानं नुसतं ओट्यावरच्या खुर्चीकडे बघितलं. मी एक गुडघा टेकवला. वेलीचं खोड जवळ होतं, ते धरलं. पहिल्यांदा घसरलो. दुसऱ्यांदा गुडघ्यातून कळ थेट डोक्यात गेली, तरी सोडलं नाही. खोडाची साल हातात सुटून आली आणि मी उभा होतो. धापा टाकत, चिखलानं भरलेला, पण कोणी उचललेला नव्हे.

मागे वळलो. दादा मातीत बसून माझ्याकडे बघत होता. कात्रीसाठी छातीवर अडलेला तो हात त्यानं माझ्यासाठी उचलला. खांद्यापर्यंत आला, तिथं थांबला, मग त्यानं दात आवळून अजून वर नेला.

"बघतो काय?" दादा म्हणाला. "ओढ की. ओळ पडलीय सारी छाटायची."